घरच्या वापरासाठी जुनी पिकअप

अर्धा टन वाहणारी पिकअप ही कल्पना मूळची अमेरिकेतील असून, तेथे सुमारे १००० पौंड, म्हणजे साडेचार क्विंटलांच्या आसपास, माल नेऊ शकणाऱ्या हलक्या गाडीला हे नाव पडले. पुढे गाड्यांची ताकद वाढत गेली, तरी वर्गाचे नाव तेच राहिले. भारतात या मापाच्या चारचाकी मालवाहू गाडीला खरी बाजारपेठ मिळाली ती २००५ साली, जेव्हा टाटा मोटर्सने ‘एस’ ही गाडी विक्रीला आणली आणि लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हणायला सुरुवात केली. त्याआधी गावाकडच्या माणसापुढे एका बाजूला तीनचाकी मालरिक्षा होती आणि दुसऱ्या बाजूला १९८६ पासून चालत आलेली टाटा ४०७ होती. पहिली चढाला दमणारी आणि दुसरी एका कुटुंबाच्या गरजेपेक्षा व ऐपतीपेक्षा मोठी. ही मधली जागा ७५० किलो भारक्षमतेच्या एसने भरून काढली आणि नंतर त्याच जागेत महिंद्राची जीतो, मारुतीची सुपर कॅरी, तर थोड्या वरच्या भारगटात अशोक लेलँडची दोस्त आणि महिंद्राची बोलेरो पिकअप अशा गाड्या उभ्या राहिल्या.

यवतमाळ–धामणगाव मार्गावरील बाभुळगाव आणि त्याच्या तालुक्यातील खेडी यांचा विचार केला, तर अशा गाडीचे काम वर्षभर पुरणारे आहे. पेरणीच्या तोंडावर बियाणे आणि खताची पोती, दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन, त्यापुढे माघापर्यंत कापसाच्या वेचण्या, मग तूर आणि हरभरा, शिवाय मधूनमधून जनावरांची ढेप, घराचे सिमेंट आणि मुलीच्या सासरी पोचवायचे सामान अशी ही कामे आहेत. नवी गाडी घेण्याइतका पैसा कोरडवाहू शेतीतून सहसा निघत नाही, म्हणून जुन्या गाडीकडे वळणे स्वाभाविक ठरते. मात्र जुनी गाडी पाहताना बहुतेक लोक रंग, सीटकव्हर आणि काट्यावरचे किलोमीटर पाहतात, तर गाडीच्या भरवशाचा खरा पुरावा तिच्यावर आजवर काय आणि किती लादले गेले यात असतो. दूध किंवा बेकरीचा माल वाहून दीड लाख किलोमीटर चाललेली गाडी ही मुरूम आणि रेती वाहून साठ हजार किलोमीटर चाललेल्या गाडीपेक्षा बहुधा अधिक आयुष्य शिल्लक राखून असते.

तथापि गाडीच्या खाली वाकून पाहण्याआधी एका गोष्टीचा निकाल लावणे आवश्यक आहे. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली ही गाडी १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार मालवाहू वाहन ठरते, आणि मालकाने कधी कोणाकडून एक रुपया भाडे घेतले नसले तरी तिचा हा दर्जा बदलत नाही. एससारख्या गाडीच्या नोंदणीपुस्तिकेत चालक आणि त्याच्याशेजारी एक एवढीच आसने लिहिलेली असतात. मागचा डाला हा मालासाठी आहे. विदर्भात लग्नाचे वऱ्हाड, यात्रेकरू आणि निंदणाच्या बाया डाल्यात बसवून नेण्याची सर्रास चाल असली, तरी असा प्रवास कायद्याच्या विरुद्ध आहे, आणि अपघात झालाच तर त्याचा आर्थिक परिणाम फार कठोर होतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली आशा राणी खटल्यात असे ठरवले की मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांच्या नुकसानभरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. १९९४ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले ते फक्त गाडीतील मालाच्या मालकाला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला. भरपाई मग गाडीमालकाच्या शेतावर आणि घरावर येऊन पडते. म्हणून ज्या कुटुंबाला माल आणि माणसे दोन्ही न्यायची आहेत, त्याने दुहेरी केबिनची गाडी, उदाहरणार्थ पाच जणांची आसने आणि मागे मालाची जागा असलेली बोलेरो कॅम्पर, शोधावी किंवा माणसांसाठी वेगळी सोय ठेवावी. ही सूचना अनेकांना रुचत नाही, पण वऱ्हाडाच्या गाड्यांचे अपघात दर लग्नसराईत वर्तमानपत्रात येतच राहतात.

चालकाच्या परवान्याबाबत मात्र दिलासा आहे. ज्यांच्याकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना आहे त्यांना ७५०० किलोंपर्यंत एकूण वजनाचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निश्चित केले. तसेच ज्या मालवाहू गाडीचे एकूण वजन, म्हणजे रिकाम्या गाडीचे आणि कमाल मालाचे मिळून वजन, ३००० किलोंच्या आत आहे, तिला मालवाहतुकीचा परमिट काढावा लागत नाही. एसच्या वर्गातील गाड्या या मर्यादेत सहज बसतात. मोठी पिकअप घेणाऱ्याने मात्र नोंदणीपुस्तिकेतील एकूण वजनाचा आकडा पाहून मगच पुढे जावे.

कोणती गाडी घ्यावी या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्या नावात शोधण्यापेक्षा मिस्त्रीच्या हातात शोधणे अधिक शहाणपणाचे आहे, कारण खेड्यातील कुटुंबाच्या दृष्टीने भरवशाची गाडी म्हणजे कधीच न बिघडणारी गाडी नव्हे, तर बिघडल्यावर त्याच दिवशी बाभुळगावात किंवा फार तर यवतमाळला दुरुस्त होणारी गाडी होय. पहिल्या पिढीतील एसचे दोन सिलिंडरचे, सुमारे ७०० सीसीचे डिझेल इंजिन अवघ्या १६ अश्वशक्तीचे असल्यामुळे वेगाच्या बाबतीत कोणाचीही निराशा करते. पण त्याची रचना इतकी साधी आहे आणि त्याचे सुटे भाग इतके सर्वत्र मिळतात की तालुक्याच्या ठिकाणचा कोणताही डिझेल मिस्त्री ते उघडून बसवू शकतो. सुपर कॅरीचे ७९३ सीसीचे डिझेल इंजिन २०२० मध्ये बंद झाले, त्यामुळे तशी जुनी गाडी घेताना तिचे भाग जवळपास मिळतात का याची आधी विचारपूस करावी. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण-मानकानंतरच्या डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करण्यासाठी सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा पसारा वाढला. तो हवेच्या हिताचा आहे यात शंका नाही, पण त्यातील दोष शोधायला संगणक जोडावा लागतो आणि ते यंत्र प्रत्येक गॅरेजात नसते.

गाडीची तपासणी खालून सुरू करावी. मागच्या एक्सलवर पोलादी पट्ट्यांची जी कमान असते, तिला मिस्त्री ‘पाटे’ म्हणतात, आणि गाडीचा सगळा पूर्वेतिहास या पाट्यांत लिहिलेला असतो. कंपनीने दिलेल्या पाट्यांपेक्षा एखादा पाटा अधिक घातलेला असेल, त्याचा रंग इतरांपेक्षा वेगळा असेल, किंवा पाटे आवळून धरणारे यू-बोल्ट नेहमीपेक्षा लांब असतील, तर मालकाने गाडीवर क्षमतेपेक्षा जास्त भार नेण्याची कायमची व्यवस्था करून ठेवली होती असे समजावे. एक्सलच्या वर चासीला लावलेला रबरी बफर, म्हणजे एक्सल आपटू नये म्हणून ठेवलेला ठोकळा, चेपून फाटलेला असेल किंवा तेथील चासीचा रंग उडून लोखंड चकाकत असेल, तर एक्सल वारंवार चासीवर आदळला आहे. चासीला वेल्डिंगचा जोड किंवा आतून पट्टी ठोकलेली आढळली, तर किंमत कितीही कमी असो, सौदा तेथेच थांबवावा.

डाल्याचा पत्राही पुष्कळ सांगतो. रेती आणि मुरूम वाहणाऱ्या गाडीचा तळ फावड्याच्या ओरखड्यांनी भरलेला आणि मध्ये खोलगट झालेला असतो, व मागचा फाळका बिजागरीत ढिला पडतो. खताची नेहमी ने-आण करणाऱ्या गाडीत क्षारांमुळे पत्र्याच्या सांध्यांना आणि खालच्या आडव्या पट्ट्यांना आतून गंज धरतो, जो वरच्या ताज्या रंगाखाली दिसत नाही पण पेचकसाच्या टोकाने दाबल्यास पापुद्रा सुटतो. कापूस वाहणाऱ्या गाडीला चारही बाजूंनी फळ्या किंवा जाळी चढवून उंची वाढवलेली असते. कापूस जागा फार व्यापतो आणि त्या मानाने वजनाला हलका असतो, त्यामुळे अशी गाडी इंजिनाच्या दृष्टीने फारशी थकलेली नसते. मात्र उंच भारामुळे तिच्या केबिनच्या मागच्या बाजूला आणि डाल्याच्या कोपऱ्यांना तडे पडलेले आहेत का, हे पाहिले पाहिजे. सोयाबीनचे गणित नेमके उलटे आहे. साठ किलोंचे बारा कट्टे भरले की ७२० किलो झाले आणि एसची मर्यादा जवळजवळ संपली, तरीही डाला अर्धा रिकामा दिसतो. त्या रिकाम्या जागेत आणखी दहा कट्टे टाकण्याचा मोह ज्या मालकाला आवरला नाही, त्याचीच गाडी पुढे बाजारात ‘घरगुती वापरलेली’ म्हणून येते.

टायरच्या कडेवर एका लंबवर्तुळात चार अंक कोरलेले असतात. २३१९ असे अंक असतील तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला असा त्याचा अर्थ होतो. काटा तीस हजार किलोमीटर दाखवतो आणि चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे व कंपन्यांचे आहेत, अशी विसंगती दिसली की काट्यावर विश्वास ठेवण्याचे कारण उरत नाही. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवल्यास खडखडाट जाणवला, तर चाक वळवणारी किंगपिन किंवा चाकाचे बेअरिंग झिजले आहे.

इंजिन नेहमी थंड असताना सुरू करून घ्यावे; गाडी दाखवायला आणण्यापूर्वी ती अर्धा तास चालवलेली असेल, तर रेडिएटरवर हात ठेवताच ते कळते, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता जाणे बरे. सुरू होताना निघालेला निळसर धूर गाडी तापल्यावरही टिकणे म्हणजे रिंग-पिस्टन झिजून ऑइल जळत असल्याची खूण होय. सतत काळा धूर हा नोझल किंवा पंपाचा दोष असून तुलनेने कमी खर्चात सुटतो. पांढरा धूर आणि रेडिएटरच्या पाण्यावर तरंगणारी तेलाची साय एकत्र दिसली, तर हेड गॅस्केट गेले आहे किंवा हेडला चीर पडली आहे. चालू इंजिनावर ऑइल भरायचे झाकण सैल केल्यास तेथून जोराने वाफ व ऑइलचे थेंब उसळतात का, हेही पाहावे. मिस्त्री याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात आणि त्याचा अर्थ इंजिन उघडण्याचा खर्च जवळ आला आहे असा होतो. यानंतर डाल्यात आठ-दहा भरलेली पोती टाकून एखाद्या चढावर गाडी चालवून पाहावी. रिकाम्या गाडीत क्लच घसरत असल्याचे लक्षात येत नाही. भरल्या गाडीत इंजिनाचा आवाज वाढतो आणि वेग मात्र तितका वाढत नाही, तेव्हा तो दोष उघडा पडतो.

काळ्या जमिनीच्या मुलखात आणखी एक विचार करावा लागतो. ही माती पाणी शोषून फुगते आणि पांदण रस्त्यावर, म्हणजे शेतात जाणाऱ्या कच्च्या वाटेवर, चाकाला थर चढत जाऊन त्याची पकड नाहीशी करते. या गाड्यांची ताकद मागच्या चाकांना मिळते आणि रिकाम्या डाल्यामुळे त्या चाकांवर वजन नसते, त्यामुळे चिखलात रिकामी गाडी भरल्या गाडीपेक्षा लवकर फसते. पावसाळ्यात शेतापर्यंत जाण्यासाठीच गाडी घेणाऱ्याने हा बेत सोडलेला बरा. तेथे बैलगाडी आणि ट्रॅक्टर यांचेच काम आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत गावाकडे जी ढिलाई चालते ती फार महागात पडते. यवतमाळची पासिंग, म्हणजे एमएच २९ क्रमांक, असलेल्या गाडीचे व्यवहार जवळच्या कार्यालयात उरकतात. आदिलाबादकडून आलेली स्वस्त गाडी घेणाऱ्याला तेथील ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रातील कर आणि बारा महिन्यांवर गाडी येथे राहणार असल्यास नवा क्रमांक हे सर्व करावे लागते. नोंदणीपुस्तिकेवर वित्तसंस्थेचा बोजा असेल, तर तो उतरल्याचे पत्र आणि नमुना ३५ हातात आल्याशिवाय इसार देऊ नये; हप्ते थकल्यामुळे ओढून नेलेल्या गाड्या लिलावातून दलालांकडे येतात, त्यांच्या बाबतीत ही काळजी दुप्पट हवी. मालवाहू गाडीचे योग्यता प्रमाणपत्र, ज्याला सगळे ‘पासिंग’च म्हणतात, ते आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते, आणि पंधरा वर्षांवरील गाडीसाठी त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून कितीतरी वाढले असल्याने, तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त मिळाली तरी पुढे ती ठेवणेही जड जाते आणि विकणेही.

विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतराची माहिती परिवहन कार्यालयाला द्यायची असते. प्रत्यक्षात सही केलेले कोरे टीटी फॉर्म, म्हणजे मालकी हस्तांतराचे अर्ज, गाडीसोबत तीन-तीन मालकांकडे फिरतात. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले की गाडी प्रत्यक्षात कोणाच्याही ताब्यात असो, अपघाताच्या भरपाईला नोंदणीतील मालक जबाबदार धरला जाईल. त्यामुळे नाव बदलण्याची घाई घेणाऱ्याइतकीच विकणाऱ्यालाही असायला हवी. घेणाऱ्याने ठरलेल्या रकमेतील काही भाग नाव चढेपर्यंत लेखी करारानुसार राखून ठेवावा, आणि चौदा दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसीही आपल्या नावावर करून घ्यावी, कारण तिसऱ्या व्यक्तीपुरते संरक्षण गाडीबरोबर आपोआप येत असले, तरी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा जुन्या मालकाच्या नावावरील पॉलिसीवर करता येत नाही.