पापड वाळले, पैसे अडकले

धंद्यात धोका कशाचा, असं गटाच्या बैठकीत विचारलं की पहिलं उत्तर येतं, पावसाचं. खरंच आहे. पापड-कुरडया वाळत घातल्या आणि वळवाची सर आली की दिवसाची मेहनत गेली. पण आभाळ भरून आलेलं दिसतं तरी, आपण पळत जाऊन माल आत घेतो. उधारीचं आभाळ दिसत नाही.

आमच्याच गटाचं सांगते. तालुक्याच्या एका दुकानदाराने चाळीस किलो उडदाचे पापड ठेवून घेतले. "विकले की पैसे देतो." आम्ही खूश, सगळा माल एकाच ठिकाणी खपला! दिवाळीनंतर गेलो तर म्हणे, निम्मे सादळले, त्यांचे पैसे नाहीत. आमच्याकडून सादळले की त्याच्या दुकानात? कागद नव्हता, भांडणार कशावर?

आता हिशोब बघा. शंभर रुपयांच्या पाकिटाला डाळ, तेल, पापडखार, पिशवी, मजुरी धरून ऐंशी खर्च आला असं समजा. सुटले वीस. एका पाकिटाचे पैसे बुडाले, तर ते ऐंशी भरून काढायला आणखी चार पाकिटं रोखीने विकावी लागतात. आणि मजुरी म्हणजे आपलीसुद्धा बरं का! ती बरेच गट धरतच नाहीत.

तेव्हापासून आम्ही तीन-चार दुकानांत थोडा थोडा माल देतो. चिठ्ठीच्या दोन प्रती, त्यावर वजन, तारीख, परत आलेला माल कोणाचा, आणि सही. मोठी ऑर्डर असेल तर निम्मे पैसे आधी. उडदाचा भाव मध्येच चढला तरी डाळ आधीच घेतलेली असते.

दुसरा फटका घरातूनच बसला. मसाल्याचं प्रमाण एकाच ताईंना ठाऊक. त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि महिनाभर काम बंद! आता प्रमाण वहीत आहे, दोघी जणी शिकल्यात.

आणि अपघात विम्याचं विसरू नका. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये खात्यातून कापले जातात, अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण मिळतं. विमा १ जूनपासून नवा होतो. मेअखेर खात्यात तेवढे पैसे आहेत ना, प्रत्येकीचं पासबुक बघून घ्या.