मुक्तस्रोत संगणकप्रणाली आणि आपली मुले
(उधवा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काही पालकांना वाटेल की, आपल्या उधव्याला याचा काय उपयोग? पण आपल्या खिशातील मोबाईल अँड्रॉइडचा असेल, तर त्याच्या मुळाशी लिनक्स नावाची प्रणाली आहे. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी येथे लायनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ती लिहून सर्वांना खुली केली. आज जगभरचे हजारो लोक तिच्यात दुरुस्त्या सुचवितात. अशा प्रणालीला मुक्तस्रोत म्हणतात आणि पाठविलेल्या दुरुस्तीला 'पॅच'.

पॅच म्हणजे ठिगळ. पूर्वी संगणकाच्या सूचना कागदी फितीवर छिद्रे पाडून लिहीत. चूक सापडली की तेवढ्या जागी नवा तुकडा चिकटवीत. कागद गेला, नाव राहिले. आता काढलेल्या ओळीपुढे वजाचे चिन्ह असते आणि घातलेल्या ओळीपुढे अधिकचे. म्हणजे काय बदलले ते तपासणाऱ्याला तत्काळ दिसते.

यात मराठी मुलाने काय करावे? आपल्या डहाणूला पश्चिमेस दर्या आहे आणि पूर्वेस डोंगर-दऱ्या. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतील 'र' निराळा. संगणकात हे दोन्ही नीट उमटावेत यासाठी कोणीतरी हा फरक ओळखून काम करावे लागते. मराठीचे 'ल' आणि 'श'सुद्धा हिंदी वळणाहून वेगळे. २००४ साली रेड हॅट कंपनीने 'लोहित' हे भारतीय लिप्यांचे टंक सर्वांसाठी खुले केले आणि पुढे पुण्यातील अभियंत्यांनी ते सुधारीत नेले. अशी चूक हेलसिंकीच्या विद्वानाला दिसणार नाही. शुद्धलेखन जाणणाऱ्या आपल्या नववीच्या मुलाला दिसेल.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. एका मराठी शब्दयादीतील अकरा चुका दुरुस्त करून मी पाठविल्या. त्यातच यादीची मांडणीही मला आवडेल तशी बदलली. चार दिवसांत उत्तर आले, 'एका पॅचमध्ये एकच विषय ठेवा; वेगळे करून पाठवा.' मला राग आला. मी बी.ए., बी.एड.; दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाई चालविणारा माणूस! आठ दिवस मी तिकडे पाहिले नाही. वर्गात सहज बोललो, तेव्हा एक विद्यार्थिनी म्हणाली, "सर, तुम्ही वही परत देता तेव्हा आम्ही पुन्हा लिहितोच ना?" त्या रात्री मी पुन्हा बसलो. दुसऱ्या खेपेस त्यांनी प्रत्येक शब्दाचे कारण विचारले. तिसऱ्या खेपेस काम स्वीकारले गेले.

विद्यार्थी मित्रांनो, रीत साधी आहे. मूळ मजकूर उतरवून घ्या. एकच दोष निवडा. दुरुस्ती करून स्वतः चालवून पाहा. आधी दोष काय ते लिहा, मग उपाय आणि त्याचे कारण. तो भाग कोण सांभाळतो ते शोधून त्यालाच पाठवा. उत्तरासाठी निदान एक आठवडा थांबा. लिनक्समध्ये २००४ पासून प्रत्येक पॅचखाली पाठविणाऱ्याची नावानिशी ग्वाही असते की, हे काम देण्याचा मला अधिकार आहे. दुसऱ्याचे उतरवून आपले म्हणणे तिथे चालत नाही.

या व्यवहारात विश्वास मोठा आणि म्हणूनच तपासणीही मोठी. २०२४ साली 'एक्सझेड' या लहानशा प्रणालीत असे उघडकीस आले की, सुमारे दोन वर्षे चांगले काम करून विश्वास मिळविलेल्या एका व्यक्तीने तीत चोरवाट ठेवली होती. संगणकात प्रवेश करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो, एवढ्यावरून अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने शोध घेतला आणि २९ मार्च रोजी ते जाहीर केले. अर्ध्या सेकंदाकडेही दुर्लक्ष न करणारा माणूस जगाच्या उपयोगी पडला.

पालक विचारतील, "गुरुजी, फुकटचे काम मुलाने का करावे?" प्रश्न रास्त आहे. लगेच पैसा नाही आणि नोकरीची हमी मी देत नाही. पण स्वीकारलेले काम त्याच्या नावासह कायम नोंदले जाते आणि ते कोणालाही पाहता येते. तिथे गाव, आडनाव, बापाची ऐपत कोणी विचारीत नाही. काम बरोबर की चूक एवढेच पाहतात. ज्या मुलाच्या मागे वशिला नाही, त्याला याहून मोठा आधार कोणता? मात्र थोडे इंग्रजी हवे, संगणकाशी रोजचा तासभर हवा आणि परत आलेले काम पुन्हा करण्याची तयारी हवी. पहिल्या दोन गोष्टींसाठी आपण सारे मिळून हातभार लावू. तिसरी मुलांनी घरी शिकावयाची आहे. म्हणून मुलाची चूक निघाली तर त्याला हिणवू नका, पुन्हा बसवा.