दिवसाची वीज, संध्याकाळची वीज

आजचा विषय तुमच्या-आमच्या घरातल्या विजेच्या बिलाचा आहे. बिल हातात आलं की आपण आधी खालचा आकडा बघतो, "बाप रे" म्हणतो आणि कागद फडताळात ठेवून देतो. आज आपण तोच कागद जरा वरून खाली वाचू. किती वीज वापरली याच्या जोडीला आता कधी वापरली हेही बिलात मोजलं जाऊ लागलं आहे.

१ जुलै २०२५ पासून आपल्या राज्यात महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी एक नवी सवलत आली. ज्यांच्याकडे टीओडी मीटर बसलं आहे, त्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात वापरलेल्या विजेवर सुरुवातीला युनिटमागे ८० पैसे सूट ठरली. पुढच्या काही वर्षांत ती टप्प्याटप्प्याने १ रुपयापर्यंत जाईल, असं तेव्हा ठरलं. टीओडी म्हणजे 'टाइम ऑफ डे'. कोणत्या वेळी किती वीज वापरली याची नोंद हे मीटर ठेवतं. जुनं मीटर फक्त एकूण बेरीज सांगतं, वेळ सांगत नाही. म्हणून जुन्या मीटरवर ही सवलत मिळत नाही.

दिवसाची वीज स्वस्त का, हा पहिला प्रश्न. आठवडी बाजारात काय होतं ते आठवा. मेथीचे ढीग लागलेले असले की जुडीचा भाव उतरतो, आणि माल थोडा अन् गिऱ्हाईक जास्त असलं की तीच जुडी महाग होते. विजेचंही तसंच आहे. त्यात भर अशी की ज्वारी कणगीत भरून ठेवता येते, तशी वीज साठवून ठेवणं अजून महाग पडतं. ज्या क्षणी लागते त्या क्षणी ती तयार करावी लागते. दुपारी सूर्य तापलेला असतो, सौर प्रकल्पांतून भरपूर वीज येत असते. सूर्य मावळला की ती बंद, आणि नेमकं तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर, मोटर सगळं एकदम सुरू होतं. ती तहान भागवायला महागडी वीज आणावी लागते.

ही सौर वीज कुठे लांब राजस्थानातच तयार होते असं समजू नका. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या शेजारच्या वाशिममध्ये पंतप्रधानांच्या हस्ते मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतल्या पाच प्रकल्पांचं लोकार्पण झालं. मिळून १९ मेगावॅट. त्या पाचांतला एक आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या पळशी बुद्रुकचा आहे, ५ मेगावॅटचा. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा या योजनेचा हेतू. रात्रीच्या पाळीची वीज म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. घरचा माणूस मध्यरात्री बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला जातो आणि तो परत येईस्तोवर घरातल्या बाईच्या डोळ्याला डोळा लागत नाही. तेव्हा 'वीज कधी' हा प्रश्न 'वीज किती' या प्रश्नाइतकाच मोठा आहे, हे आपण केव्हाच शिकलो आहोत.

वेळ बदलून वीज वाचवायची ही कल्पनाही आपल्याला नवी नाही. २००५ नंतरची वर्षं आठवा. ऐन संध्याकाळी लोडशेडिंग, पोरांचा अभ्यास कंदिलावर आणि स्वयंपाक चिमणीच्या उजेडात. त्या काळात महावितरणने अक्षय प्रकाश योजना आणली. संध्याकाळच्या वेळी मोटरी, पिठाच्या गिरण्या, शेगड्या, हीटर चालवणार नाही, फक्त दिवा, पंखा आणि टीव्ही वापरू, असं गावाने मिळून ठरवायचं. त्या बदल्यात गावाला संध्याकाळी उजेड मिळायचा. राज्यातल्या कित्येक गावांनी हे करून दाखवलं. एकानेही चोरून मोटर लावली तर अख्ख्या गावाचा उजेड धोक्यात यायचा, म्हणून लोक एकमेकांवर लक्ष ठेवत. तेव्हा गावाने जे उजेडासाठी केलं, ते आता प्रत्येक घराने आपापल्या पैशांसाठी करायचं आहे.

आता हिशेब मांडू. वही-पेन्सिल जवळ असेल तर घ्या.

एक युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण एक तास चालवणं. पाण्याची अर्ध्या एचपीची मोटर तासाला साधारण अर्धा युनिट घेते. रोज एक तास धरला तर महिन्याचे १५ युनिट. एक एचपीची घरघंटी तासाला पाऊण युनिट. आठवड्यातून एक तास दळलं तर महिन्याचे ३. इस्त्रीचे ४ धरा, कपडे धुण्याच्या मशीनचे ३. झाले २५ युनिट. ही सगळी कामं संध्याकाळऐवजी ९ ते ५ मध्ये केली आणि सूट सुरुवातीची ८० पैसे धरली तर २५ गुणिले ८० पैसे, म्हणजे २० रुपये सूट. घरगुती बिलावर १६ टक्के वीज शुल्क असतं, तेही तेवढ्या रकमेवर वाचतं, म्हणजे आणखी ३ रुपये २० पैसे. महिन्याला २३ रुपये २० पैसे, वर्षाला पावणेतीनशेच्या आसपास.

"एवढंच?" असं तुम्ही म्हणाल, आणि खरं आहे. नुसती वेळ बदलून बिल निम्मं होतं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण पावणेतीनशे रुपये काही वाटेवर पडलेले नाहीत, आणि काही सूट तर काहीच न करता मिळते. फ्रिज दिवसभर चालूच असतो, त्याचे दिवसाचे युनिट आपोआप सवलतीत जातात. आपल्याकडचा उन्हाळा तर माहीतच आहे. मलकापूर, खामगाव, शेगावकडे मे महिन्यात कूलरशिवाय दुपार निघत नाही. २०० वॅटचा कूलर रोज आठ तास चालला तर महिन्याचे ४८ युनिट होतात. त्यावर ८० पैशांच्या हिशेबाने शुल्कासह साडेचव्वेचाळीस रुपये सूट बसते.

कोणती कामं दिवसा न्यायची? ज्यात मोटर फिरते किंवा काहीतरी तापतं, ती. मोटर, घरघंटी, कपड्यांचं मशीन, इस्त्री, पाणी तापवायचा हीटर. दिवे, पंखा, मुलांचा अभ्यास यांच्या वेळांना हात लावायचा नाही. इस्त्री रोज एकेका कपड्यासाठी तापवण्यापेक्षा आठवड्याचे कपडे एका बैठकीत करा. पहिल्यांदा तापायलाच तिला जास्त वीज लागते. संध्याकाळी सगळीकडे भार वाढला की व्होल्टेज उतरतं. मोटर घुरघुरते, पाणी हळू चढतं, कधी वाइंडिंग जळतं. दिवसा टाकी भरली तर मोटरचं आयुष्यही वाढतं.

आता अडचणी. नळाला पाणी कधी येईल हे आपल्या हातात नाही. कुठे चार दिवसांनी, कुठे आठ दिवसांनी येतं, आणि पहाटे पाचला आलं तर मोटर पहाटे पाचलाच लावावी लागणार. तिथे सवलतीचा विचार करायचा नाही, पाणी भरून घ्यायचं. पण खालच्या हौदातून वरच्या टाकीत पाणी चढवायचं असेल, तर ते काम दिवसावर ठेवता येतं. हिवाळ्यात सकाळच्या आंघोळीचं पाणीही दुपारी तापवून चालत नाही. जे जमतं तेच हलवा.

सर्वांत मोठी बचत मात्र वेळेपेक्षा टप्प्यात आहे. घरगुती बिलाचे टप्पे असे: १ ते १०० युनिट, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. शंभराच्या वर गेलेल्या युनिटचा दर शंभराच्या आतल्या युनिटच्या जवळपास दुप्पट पडतो. वीज आकार, वहन आकार आणि शुल्क मिळून तो एक युनिट दहा रुपयांच्या वर जातो. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब काढून ९ वॅटचा एलईडी लावला आणि तो रोज पाच तास जळला, तर महिन्याला साडेसात युनिट वाचतात. तुमचा वापर शंभराच्या वर असेल तर हे झाले ७५ रुपयांपेक्षा जास्त. म्हणजे अख्ख्या घराची कामं दिवसा हलवून जे मिळालं, त्याच्या तिप्पट एका बल्बने दिलं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी वापर कमी करा, मग उरलेल्या वापराची वेळ बदला. आणि छापील बिलाऐवजी ई-मेलवर बिल घेतलं तर दर बिलामागे १० रुपये सूट आहे. तेही घरातल्या शिकलेल्या मुलीला सांगून करून घ्या.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही मुद्दाम हा विषय घेतला, त्याकडे येऊ. सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळात घरी असतं कोण? सोयाबीनच्या सोंगणीला, कापूस वेचायला, निंदायला गेलेली बाई सकाळी आठला डबा घेऊन निघते आणि दिवे लागणीला परत येते. शाळेत, दवाखान्यात, दुकानात काम करणारीही तशीच. तिच्या हाताला रिकामी वेळ मिळते ती संध्याकाळी सहानंतर आणि पहाटे सहाच्या आधी. तिच्यासाठी सवलतीच्या तासांत घराला कुलूप असतं. तिला "तू दिवसा का करत नाहीस" असं विचारणं म्हणजे कामाच्या रगाड्यावर आणखी एक बोल लावणं.

म्हणून आमचं म्हणणं असं की वेळ बदलायची तर कामाची वाटणीही बदलायला हवी. दुपारी घरी जेवायला येणारे मालक टाकीची मोटर लावू शकतात. कॉलेजातून दोनला येणारा मुलगा मशीनमध्ये कपडे टाकू शकतो आणि वाळतही घालू शकतो. सुटीच्या दिवशी दळण आणि इस्त्री घरातल्या कोणीही करावी. ही कामं घरी असलेल्या सासूबाईंच्या एकटीच्या डोक्यावर टाकू नका, आणि लहान मुलांना मोटरच्या बटनाजवळ जाऊ देऊ नका. ओल्या हाताने, उघड्या वायरीवर आणि अर्थिंगशिवाय मोटर चालवण्याइतकी कोणतीही बचत मोलाची नाही. घरीच शिवणकाम करणाऱ्या, पापड-शेवयांचं मशीन चालवणाऱ्या बहिणींनी मात्र ही सवलत पुरेपूर घ्यावी. त्यांचं काम दिवसाचंच आहे.

आणखी एक गोष्ट कानावर असू द्या. केंद्र सरकारने २०२३ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम बदलले. त्यात सूर्यप्रकाशाच्या वेळेतला दर कमी आणि जास्त मागणीच्या वेळेतला दर नेहमीपेक्षा जास्त असावा, असं तत्त्व आहे. संध्याकाळची वीज महाग झाली तर त्याचा भार कोणावर पडेल? दिवसभर बाहेर राबून संध्याकाळी चूल आणि मिक्सर हातात घेणाऱ्या बाईच्या घरावर. आपल्या राज्यातले दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो, आणि ते ठरवण्याआधी जाहीर सूचना काढून लोकांच्या हरकती मागवतो. त्या हरकतींत कारखानदार बोलतात, संघटना बोलतात. मजुरीला जाणाऱ्या बायकांचं वेळापत्रकही तिथे कोणीतरी मांडायला हवं. बचत गटाच्या बैठकीत चार ओळी लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन पाठवता येतात. पण त्यासाठी आधी आपलं बिल आपल्याला वाचता आलं पाहिजे.

तर या आठवड्यात एवढं करा. मीटरवर सकाळी ९ ला आणि संध्याकाळी ५ ला आकडा बघून कॅलेंडरवर लिहा, सात दिवस. मीटर जुनं असलं तरी चालेल. आपली दिवसाची वीज किती आणि रात्रीची किती, हे त्यातून कळेल. टीओडी मीटर असेल तर महावितरणच्या मोबाइल ॲपवर आपला वापर बघा, आणि बिलात सवलतीची रक्कम धरली आहे का तेही तपासा. हे मीटर पोस्टपेड आहे, आधी वापर आणि मग बिल, जुन्या मीटरसारखंच. शंका असेल तर १९१२ या क्रमांकावर विचारा, तक्रार नोंदवली तर तिचा क्रमांक लिहून घ्या.

महिन्याच्या बैठकीला पाच जणींनी आपापली बिलं घेऊन बसा. कोणाचे युनिट शंभराच्या वर गेले, का गेले, आणि घरातलं कोणतं काम कोणी उचललं, हे एकमेकींना विचारा. तुमचे आकडे आम्हाला कळवा, पुढच्या कार्यक्रमात आपण त्यावर बोलू.