निर्जीवाला चालविण्याची विद्या

लातूर म्हटले म्हणजे सुशिक्षित कुटुंबाला बारावीची परीक्षा आणि वैद्यकीय शाखेचा प्रवेश आठवतो. नांदेड म्हटले म्हणजे गोदाकाठचा सचखंड गुरुद्वारा डोळ्यांपुढे उभा राहतो. पडद्यावर बाहुल्या चालविण्याची विद्या मात्र ह्या दोन नगरांशी सहसा कोणी जोडीत नाही. तथापि संगणक आणि इंटरनेट ह्यांच्या योगाने तीही आता येथील घराघरांतील मेजापर्यंत येऊन पोचली आहे. एखादा मुलगा किंवा मुलगी रात्री उशिरापर्यंत संगणकापुढे बसून राक्षसाचे नाक घडवीत असते, आणि वडीलधाऱ्या मंडळींस प्रश्न पडतो की ह्याला अभ्यास म्हणावे की खेळ? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ही विद्या आहे तरी काय, तिचा कोणता भाग दुरून शिकता येतो आणि कोणता दुरून येऊच शकत नाही, हे नीट पाहिले पाहिजे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी ह्या गावी ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची कला पिढ्यान्‌पिढ्या जतन केली आहे. त्या कलेतील कार्याबद्दल परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ साली पद्मश्री हा किताब मिळाला. त्या बाहुलीकडे लक्षपूर्वक पाहिले म्हणजे नव्या विद्येची तिन्ही अंगे एकदम ध्यानात येतात. प्रथम लाकडाचा देह कोरावा लागतो. मग त्या देहाला योग्य जागी सांधे ठेवून दोरे बांधावे लागतात. आणि शेवटी ते दोरे हालवून बाहुलीत प्राण ओतावा लागतो. संगणकावरील मॉडेलिंग, रिगिंग आणि अ‍ॅनिमेशन ही तीन कामे म्हणजे ह्याच तीन पायऱ्या होत.

मॉडेलिंगमध्ये लाकडाऐवजी बिंदू, रेषा आणि लहान लहान चौकोन असतात. ह्या चौकोनांची जाळी ताणून व वाकवून चेहरा घडविला जातो. जाळी कशी विणावी ह्यालाही शास्त्र आहे. डोळ्यांभोवती व ओठांभोवती चौकोनांची वर्तुळे फिरली पाहिजेत, कारण माणसाच्या चेहऱ्यातील स्नायूही तेथे वर्तुळाकारच असतात. जाळी चुकीची विणली तर स्थिर चित्रात चेहरा सुंदर दिसतो; पण बाहुली हसू लागताच गाल चुरगळलेल्या कागदासारखा दिसतो.

रिगिंगमध्ये त्या देहात हाडांचा सांगाडा बसवितात आणि कोणत्या हाडाने कातडीचा कोणता भाग किती ओढावा ह्याची वाटणी करतात. ही वाटणी बिघडली म्हणजे कोपर वाकताच दंड पिळलेल्या पंचासारखा बारीक होतो. तिसऱ्या पायरीवर अ‍ॅनिमेशन येते. चित्रपटात एका सेकंदाला २४ चित्रे डोळ्यांपुढून जातात. शिकणाऱ्याने मुख्य स्थिती ठरवावयाच्या आणि मधल्या स्थिती संगणकाने भरावयाच्या. परंतु संगणकाने भरलेली चाल गुळगुळीत व निर्जीव असते. कोठे थबकावे, कोठे झेप घ्यावी आणि पाऊल टेकल्यावर देहाचा भार किती खाली यावा, ह्याचा निर्णय शिकणाऱ्यालाच करावा लागतो.

ही विद्या दुरून मिळविण्याची धडपड महाराष्ट्राला नवी नाही. दादासाहेब फाळके ह्यांनी चित्रपटविद्येची पहिली ओळख पुस्तकांवरून करून घेतली. पण पुस्तकाने भागेना म्हणून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. तेथे ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक केबोर्न ह्यांनी त्यांना साहाय्य केले आणि सेसिल हेपवर्थ ह्यांच्या कलागृहात त्यांना प्रत्यक्ष काम पाहावयास मिळाले. परत आल्यावर त्यांनी कुंडीत लावलेल्या वाटाण्याची वाढ दिवसेंदिवस एकेक चित्र घेऊन टिपली, आणि काही आठवड्यांची वाढ प्रेक्षकांनी क्षणांत पाहिली. १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ ह्या लघुपटात त्यांनी काड्यापेटीतील काड्यांनाच चालविले. निर्जीव वस्तू थोडी सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचे आणि पुन्हा सरकवावयाची, ही ह्या विद्येची बाराखडी महाराष्ट्रात अशी गिरविली गेली.

फाळक्यांना गुरूकडे जावे लागले. पुढच्या पिढीसाठी गुरू मुंबईस आला. १९५६ साली वॉल्ट डिस्ने ह्यांच्या कलागृहात काम केलेले क्लेअर वीक्स हे फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवावयास आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या तरुणांत राम मोहन होते. भारतीय अ‍ॅनिमेशनचे जनक म्हणून पुढे त्यांचा गौरव झाला आणि २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तरीही ही सोय मुंबईपुरतीच होती. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ सालची, तर पवईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ सालचे. पण तेथवर जाणे, राहणे आणि प्रवेशाच्या चाळणीतून पार पडणे हे मराठवाड्यातील किती मुलांना साधणार? कंधारच्या किंवा निलंग्याच्या मुलाला ती दारे नकाशावरच दिसत.

तिसरी अवस्था गेल्या दोन दशकांतील. २००५ साली कॅलिफोर्नियात तिघा अ‍ॅनिमेटरांनी ‘अ‍ॅनिमेशन मेंटॉर’ ही शाळा इंटरनेटवर चालू केली. विद्यार्थ्याने आपले काम पाठवावे आणि गुरूने ते चित्रागणिक थांबवून, त्यावर रेघा ओढून, चूक दाखवावी, ही तेथील रीत. तत्पूर्वीच, २००२ साली, ‘ब्लेंडर’ ही संगणकप्रणाली तिच्या चाहत्यांनी एक लाख युरो वर्गणी जमवून सर्वांसाठी मुक्त करून घेतली होती. ती आजही विनामूल्य मिळते, आणि मॉडेलिंग, रिगिंग व अ‍ॅनिमेशन ही तिन्ही कामे तिच्यात होतात. शिकणाऱ्याच्या वाटेवरची भाषेची भिंतही थोडी उतरली आहे. मुंबईच्या आयआयटीने चालविलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ ह्या उपक्रमात ब्लेंडरवरील धडे आहेत, आणि त्या उपक्रमाचे अनेक धडे मराठीसह भारतीय भाषांतून ऐकावयास मिळतात.

विनामूल्य साधनाने आणि स्वतःच्या मेहनतीने काय होऊ शकते ह्याचे अलीकडचे उदाहरण लॅटव्हियाचे आहे. त्या देशाची लोकसंख्या २० लाखांहूनही कमी. एकट्या नांदेड जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३३ लाखांवर होती. तेथील गिंट्स झिलबालोडिस ह्या तरुणाने ही विद्या मुख्यत्वे स्वतःच्या प्रयत्नाने मिळविली आणि २०१९ साली एक संपूर्ण चित्रपट एकट्याने तयार केला. पुढे सहकाऱ्यांसह ब्लेंडरवर केलेल्या त्याच्या ‘फ्लो’ ह्या चित्रपटाला मार्च २०२५ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्यात एक मांजर आहे, पूर आहे, काही प्राणी आहेत आणि संवाद एकही नाही. मांजर मांजरासारखेच वागते, आणि प्रेक्षकाला तेवढे पुरते.

येथेच ह्या विद्येचे मर्म आहे. साधन तारेवरून येते आणि गुरूचा आवाजही येतो; मांजराकडे पाहण्याची नजर मात्र ज्याची त्यानेच मिळवावी लागते. ह्या बाबतीत नांदेड आणि लातूर दरिद्री आहेत असे म्हणावयास बिलकूल आधार नाही. लोहा तालुक्यातील माळेगावी मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते आणि घोडे, गाढवे, उंट ह्यांचा मोठा बाजार लागतो. घोडा चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून उचलतो काय, हे ठरविण्यासाठी १८७८ साली एडवर्ड मायब्रिज ह्यांना अमेरिकेत ओळीने कॅमेरे मांडावे लागले. उचलतो, असे सिद्ध झाले. पण चित्रकार समजत होते तसे पाय लांब फाकलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. माळेगावच्या बाजारात दोन दिवस वही घेऊन बसणाऱ्याला ही गती डोळ्यांपुढून शेकडो वेळा जाताना दिसेल.

लाल कंधारी हे नांदेडकडील गोवंशाचे नाव, देवणी हे लातूरकडील. नवशिका रिगिंग करावयास बसला की बैलाचा मागचा पाय मध्ये जेथे उलटा वाकलेला दिसतो तेथे तो गुडघा समजतो. वस्तुतः तो बैलाचा घोटा असतो. खरा गुडघा वर पोटाजवळ दडलेला असतो. हे ज्याने गोठ्यात पाहून घेतले त्याचा बैल पडद्यावर चालेल, ज्याने पाहिले नाही त्याचा लंगडेल. माणसाच्या चालीचेही तसेच आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, त्या दुष्काळात भरलेल्या घागरी वाहणाऱ्या देहांची चाल शहराने पाहिली आहे. भरल्या घागरीखाली मान स्थिर राहते, पाऊल आखूड पडते आणि मोकळा हात तोल राखतो. रिकामी घागर नेताना तीच बाई वेगळी चालते. ‘भार दाखवा’ असे परदेशी गुरू शंभरदा सांगतो. त्या भाराचा अर्थ येथे गल्लीत दिसतो. निलंग्याच्या नीलकंठेश्वर मंदिरातील आणि देगलूर तालुक्यातील होट्टलच्या मंदिरांतील शिल्पे पाहिली तर देहाचा तोल एका पायावर कसा पेलावा ह्याचा धडा दगडात कोरलेला आढळतो. आणि नऊवारी लुगड्याचा कासोटा, धोतर व फेटा घडविणे किती अवघड आहे, हे आयत्या विजारवाल्या बाहुल्या वापरणाऱ्याला कधी कळतच नाही.

आता वडीलधाऱ्यांच्या शंकेकडे वळले पाहिजे. लातूरने परीक्षांच्या तयारीची जी पद्धत घालून दिली ती ‘लातूर पॅटर्न’ ह्या नावाने महाराष्ट्रभर ओळखली जाते. त्या पद्धतीचे बळ सरावात आणि वरचेवर तपासल्या जाणाऱ्या उत्तरपत्रिकांत आहे. हेच बळ ह्या विद्येलाही लागते. फरक इतकाच की येथे उत्तरांची तयार तालिका नसते. चाल बरोबर की चूक हे दुसऱ्याच्या जाणत्या डोळ्यालाच सांगावे लागते. म्हणून ऑनलाइन वर्ग निवडताना पहिला प्रश्न हाच विचारावा की विद्यार्थ्याचे काम कोण पाहतो, किती वेळा पाहतो आणि चूक दाखवून पुन्हा करावयास लावतो की नाही. नुसती मुद्रित व्याख्याने ऐकून पोहणे येत नाही. शिकविणाऱ्याचे स्वतःचे काम पाहावे, आधीच्या विद्यार्थ्यांचे काम पाहावे आणि शुल्क परत मिळण्याच्या अटी लेखी घ्याव्यात. नोकरीची हमी देणाऱ्याच्या बाबतीत तर अधिकच सावध असावे.

कारण ह्या धंद्यात हमी अशी नाही. टेक्निकलर हा शंभर वर्षांहून अधिक जुना समूह फेब्रुवारी २०२५ मध्ये कोसळला, आणि बंगळूर व मुंबई येथील त्याची कार्यालये बंद पडून कसलेले कारागीरही एका दिवसात घरी बसले. शिवाय आता कृत्रिम बुद्धीची यंत्रे सांगताक्षणी हालती चित्रे काढून देऊ लागली आहेत. ठराविक साच्याचे काम त्यांच्याकडे जाईल, ही भीती खोटी नाही. अशा वेळी निव्वळ कळा दाबण्याचे कसब अपुरे पडते. ज्याला बैलाचा घोटा ठाऊक आहे, तोच यंत्राने काढलेला लंगडा बैल ओळखून दुरुस्त करू शकतो.

तेव्हा घरच्यांनी एकदम महागडा संगणक आणि वर्षाचे शुल्क ह्यांच्या भरीस पडू नये. पण दारही लावून घेऊ नये. प्रथम सहा महिने विनामूल्य साधन द्यावे, आणि दर आठवड्यास एक लहान काम पुरे करण्याची शिस्त ठरवावी. पहिल्या महिन्यात चेंडूची उसळी, मग पिठाच्या पोत्याची उडी, मग माणसाची चाल, हा क्रम जुना आणि कसोटीला उतरलेला आहे. सहा महिन्यांनंतर पहिली चाल आणि शेवटची चाल शेजारी ठेवून पाहाव्यात. सुधारणा दिसली व मुलाला आपल्या चुका आपणच दाखविता येऊ लागल्या, तर चांगल्या वर्गावर पैसा खर्च करावयास हरकत नाही. महाविद्यालयाचा अभ्यास ह्या काळात चालू ठेवावा. ही विद्या त्याच्या आड येत नाही, रात्रीच्या झोपेच्या मात्र येते, आणि तेथे वडिलांनी अवश्य लक्ष घालावे.

गोंधळी संबळ वाजवितो, वासुदेव गिरकी घेतो, माहूरचा गड चढताना म्हातारी गुडघ्यावर हात टेकते. ह्या हालचाली ज्या पडद्यावर यावयाच्या त्या पडद्याचे साधन आता मराठवाड्यातील मुलांच्या हाती आले आहे. त्या कशा होतात हे दूरदेशीच्या गुरूने पाहिलेले नाही, आणि आज्ञेसरशी चित्रे काढणाऱ्या यंत्रानेही यात्रेतील धूळ अंगावर घेतलेली नाही. ते पाहून ठेवण्याचे काम ह्या मुलांचे आहे. ते त्यांनी केले नाही तर पडद्यावरच्या नांदेड-लातूरची माणसेही परक्या चालीने चालू लागतील.