घरची भाकरी आणि बाजारचा कायदा

बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील एखाद्या तालुक्याच्या गावी भल्या पहाटे गल्लीबोळांतून जाणाऱ्याच्या कानी एक आवाज हमखास पडतो. तो असतो परातीत भाकरी थापण्याचा. या आवाजांपैकी सगळेच काही घरच्या न्याहारीचे नसतात. पन्नास, शंभर, दीडशे भाकरी थापून त्या खानावळीला, वसतिगृहाला, लग्नघरी किंवा शेजारच्या नोकरदार कुटुंबाला विकणाऱ्या स्त्रिया या भागात पुष्कळ आहेत. भालकी-औरादच्या बाजूला तिला भाकर म्हणतात, कलबुर्गीकडे रोट्टी म्हणतात. ज्वारी मात्र एकच, रब्बीची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूरकडे राहिले. पण सीमेची ती रेघ चुलीपर्यंत कधी पोहोचली नाही.

या भाकरीचा एक प्रकार व्यापाराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा, तो म्हणजे कडक भाकरी. ज्वारीच्या पिठात गव्हासारखे चिकट द्रव्य नसते. म्हणून ते कढत पाण्यात मळून घ्यावे लागते, आणि पीठ ताजे असावे लागते. पिठाची विरी गेली की भाकरी थापतानाच चिरा पडतात, हे या भागातील प्रत्येक मुलीला दहाव्या वर्षी ठाऊक असते. पातळ थापलेली भाकरी तव्यावर भाजून झाली की मंद आचेवर, फडक्याने दाबत दाबत, तिच्यातील ओल सर्वस्वी काढून टाकतात. वरून तीळ लावलेले असतात. अशी भाकरी कोरड्या डब्यात कित्येक दिवस टिकते. बुरशीला जगण्यासाठी जी ओल लागते तीच तिच्यात उरत नाही, हे तिच्या टिकाऊपणाचे साधे कारण. शिदोरी म्हणून ती पूर्वापार चालत आली. आता ती पाकिटात बसून आगगाडीने बेंगळुरूला जाऊ लागली आहे.

२९ जून २०२५ रोजी पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या ‘मन की बात’ या भाषणात कलबुर्गीच्या स्त्रियांचा आणि त्यांच्या ज्वारीच्या भाकरीचा उल्लेख केला. त्यांच्या सहकारी संस्थेत दररोज तीन हजारांहून अधिक भाकरी तयार होतात, बेंगळुरूत त्यांच्या विक्रीचे स्वतंत्र दालन उघडले आहे, असे त्या भाषणात सांगण्यात आले. कौतुक योग्यच होते. परंतु संस्थेत नाव नसलेली, आपल्याच घरात आपल्याच तव्यावर भाकरी भाजणारी जी स्त्री आहे, तिच्यापुढचा प्रश्न कौतुकाने सुटत नाही. तिला रोज कोणीतरी सांगत असते की, ‘परवाना नसेल तर साहेब येऊन दंड करतील.’ या एका वाक्याच्या भीतीने ती आपला माल दारात आलेल्या मध्यस्थाला त्याच्या भावाने देते, आणि तो मध्यस्थ त्याच भाकरी स्वतःच्या नावाच्या पाकिटात घालून विकतो. तेव्हा कायदा नेमके काय मागतो, हे तिला नीट कळणे हा तिच्या पोटाचा प्रश्न आहे.

पूर्वी १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा होता. त्याची दृष्टी नावाप्रमाणेच भेसळीवर होती. त्याची जागा अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याने घेतली आणि ५ ऑगस्ट २०११ पासून तो देशभर अंमलात आला. हा केंद्राचा कायदा असल्यामुळे उदगीरच्या घराला एक नियम आणि औरादच्या घराला दुसरा, असे होत नाही. अंमल करणारी खाती तेवढी राज्याराज्यांची वेगळी. ‘दुकान नाही, पाटी नाही, घरातूनच तर विकते, मग कायद्याचा संबंध काय?’ असे पुष्कळांना वाटते. तो समज चुकीचा आहे. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे अन्नाचा व्यवसाय नफ्यासाठी असो वा नसो, तो व्यवसायच ठरतो. घराचा उंबरठा त्याला अडवीत नाही.

परंतु त्याच कायद्याने लहान माणसाची वेगळी सोयही केलेली आहे, आणि तीच गोष्ट गावात कोणी सांगत नाही. कलम ३१ प्रमाणे मोठ्या व्यावसायिकाला परवाना लागतो. लहान उत्पादकाला परवान्यातून सूट आहे, त्याने केवळ नोंदणी करावयाची. लहान कोण, हे २०११ च्या विनियमांनी ठरविले. वर्षाची उलाढाल बारा लाख रुपयांपर्यंत आणि दूध व मांस सोडून इतर पदार्थांचे उत्पादन दिवसाला शंभर किलोपर्यंत, ही त्यांनी घातलेली मर्यादा होती. शुल्क वर्षाला शंभर रुपये होते, आणि नोंदणी एक ते पाच वर्षांची असे. हे आकडे सरकार वेळोवेळी बदलू शकते, म्हणून अर्जाच्या दिवशी चालू आकडा विचारून घ्यावा हे बरे. एखादी स्त्री रोज शंभर भाकरी दहा रुपये दराने विकते असे धरले, तर वर्षाच्या तीनशे दिवसांत तिची उलाढाल तीन लाखांची होते. म्हणजे बारा लाखांच्या चौथ्या हिश्श्याएवढी. ‘परवाना’ हा शब्द ऐकून दचकण्याचे तिला मुळात कारणच नव्हते!

अर्ज ‘नमुना अ’मध्ये करावयाचा. त्याला छायाचित्र, ओळखीचा पुरावा आणि व्यवसायाच्या जागेची माहिती जोडावी लागते. २०२० पासून हे काम संगणकावर होते. विनियमांत या अर्जासंबंधी जी तरतूद आहे ती लक्षात ठेवण्याजोगी आहे. अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत अधिकाऱ्याने नोंदणी द्यावी, किंवा लेखी कारण देऊन नाकारावी, किंवा जागेच्या तपासणीची नोटीस द्यावी. तपासणी ठरली तर तीस दिवसांत निर्णय झाला पाहिजे. सात दिवसांत यांपैकी काहीच घडले नाही, अथवा तीस दिवसांत निर्णय कळविला नाही, तर अर्जदाराला आपला व्यवसाय सुरू करण्याची मोकळीक आहे. पुढे अधिकाऱ्याने सुधारणा सुचविल्यास ती करण्याचे बंधन मात्र राहते. म्हणणे ऐकून घेतल्याविना नोंदणी नाकारता येत नाही. सरकारी दप्तराच्या दिरंगाईचा भार अर्जदारावर न टाकता दप्तरावरच टाकणारे नियम आपल्याकडे फार नाहीत. हा त्यांपैकी एक आहे, आणि म्हणूनच अर्जाची तारीख दाखविणारी पोच जपून ठेवणे अगत्याचे आहे.

नोंदणी झाली की चौदा आकड्यांचा एक क्रमांक मिळतो. त्यातील पहिला आकडा नोंदणीवाल्याचा २ असतो, परवानेवाल्याचा १. प्रमाणपत्र दर्शनी जागी लावावयाचे. वर्षातून किमान एकदा तपासणी व्हावी असे विनियम म्हणतात.

तपासणीला काय पाहतात? विनियमांच्या चौथ्या अनुसूचीचा पहिला भाग या लहान घरांसाठीच लिहिलेला आहे. जागा स्वच्छ आणि हवेशीर असावी, भिंतींचा रंग किंवा पोपडे पडत नसावेत, खिडक्या-दारांना जाळी असावी, पाणी पिण्याजोगे असावे, भांडी झाकलेली असावीत. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई हवी. काम चालू असताना कीटकनाशक फवारू नये. काम करणाऱ्याची नखे कापलेली असावीत, हात साबणाने धुतलेले असावेत. संसर्गाचा आजार असलेल्याने परातीजवळ बसू नये. यांतील बहुतेक गोष्टी या भागातल्या सासवा सुनांना कोणत्याही विनियमावाचून सांगत आल्या आहेत. एक कलम मात्र या घरांत थोडे अडते. अन्नात पडतील असे सैल दागिने टाळावेत, असा नियम आहे. भाकरी थापणाऱ्या सुवासिनीच्या हातांत काचेच्या बांगड्या असतात आणि त्या उतरविणे तिला अशुभ वाटते. नियमाने बांगडीला बंदी केलेली नाही, सैल आणि पडण्याजोग्या वस्तूला केली आहे. बांगड्या कोपराकडे सारून त्यांवर कापडी बाही चढविली तर नियमही सांभाळला जातो आणि मनही. पण फुटक्या काचेचा एक तुकडा भाकरीत गेला तर गिऱ्हाईकाच्या घशाचे काय होईल, याचा विचार शुभाशुभाच्या आधी झाला पाहिजे.

धुराची अडचण याहून खरी. या तुरीच्या मुलखात सरपण म्हणून तुराट्या मुबलक मिळतात आणि कडक भाकरीला लागणारी मंद आच त्यांच्या आरावर छान जमते. चुलीला विनियमांची मनाई नाही, पण काजळीने काळवंडलेली भिंत आणि धुराने भरलेली खोली तपासणीत टिकत नाही. धुराडे बांधणे आणि भिंतीला दरवर्षी चुना देणे यांवाचून गत्यंतर नाही. गॅसकडे वळणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरण्यास २००० सालच्या आदेशाने बंदी आहे. शंभर रुपयांची नोंदणी करून निर्धास्त झालेली स्त्री येथे नकळत पेचात सापडते. एकाच शेगडीवर आधी घरच्या भाकरी होतात, मग विकावयाच्या. त्यांतील सीमा कोणी आखावी? या बाबतीत लहान घरांपुरती सवलत देण्याचा विचार सरकारने करावयास हवा.

चार घरे एकत्र आली की गणित बदलते. सहकारी संस्थेच्या तीन हजार भाकरींचेच उदाहरण घ्यावे. एक भाकरी पन्नास ग्रॅमची धरली तरी दिवसाला दीडशे किलो होतात. म्हणजे शंभर किलोची रेघ ओलांडली. २०११ च्या मर्यादेप्रमाणे मग नोंदणी पुरत नसे, राज्याचा परवाना लागे. २०११ च्या विनियमांत दिवसाला एक टनाखालच्या उत्पादकासाठी त्याचे वार्षिक शुल्क तीन हजार रुपये होते. संस्थेला ते जड नाही. परंतु भाकरी घराघरांत भाजून संस्थेत केवळ पाकिटे भरावयाची असतील, तर प्रत्येक घर ही उत्पादनाची स्वतंत्र जागा ठरते आणि प्रत्येकीची नोंदणी वेगळी हवी. संस्थेच्या एका कागदाच्या छत्राखाली साऱ्या चुली येतात, असे पुष्कळ गटांत गृहीत धरले जाते. तसे नसते.

परदेशांतही हा प्रश्न सोडवावा लागला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०१३ पासून घरगुती अन्नाचा एक कायदा अंमलात आला. त्याने घरात करून विकता येतील अशा न नासणाऱ्या पदार्थांची यादीच केली. पाव, बिस्किटे, सुकी पक्वान्ने चालतात. मलई भरलेला केक चालत नाही. आपल्या कायद्यातील नोंदणी मुख्यतः उलाढाल आणि वजन मोजते. बारा महिने सुकी भाकरी भाजणारी आणि उन्हाळ्यात मलईचा केक करणारी, या दोघी त्याच एका रांगेत उभ्या राहतात. जोखीम मात्र दोघींची सारखी नाही. नासण्यावरून वर्गवारी करण्याची कॅलिफोर्नियाची रीत अधिक शहाणपणाची वाटते. कडक भाकरीला तिचा लाभच झाला असता.

पाकीट करून विकावयाचे म्हटले की २०२० चे लेबलासंबंधीचे विनियम येतात. पदार्थाचे नाव, घटक, वजन, कर्त्याचे नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक, तयार केल्याची व वापरण्याच्या मुदतीची तारीख, आणि हिरव्या चौकोनातील हिरवा ठिपका. हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत हवा. अन्य भाषा जोडीला वापरता येते, एकटी नव्हे. म्हणजे कलबुर्गीच्या स्त्रीने कन्नडमध्ये ‘जोळद रोट्टी’ एवढेच छापले तर ते अपुरे, आणि भालकीच्या स्त्रीने ‘ज्वारीची भाकरी’ एवढेच छापले तरी अपुरे. ज्या सीमेवर भाषेसाठी एवढी वर्षे वाद झाले, तेथे पाकिटाच्या बाबतीत दोघींची स्थिती सारखीच आहे! चुकीच्या लेबलाचा दंड कायद्यात तीन लाखांपर्यंत आहे आणि अस्वच्छतेचा एक लाखापर्यंत. लहान व्यावसायिकाच्या बाबतीत तडजोडीने प्रकरण मिटविण्याची वाटही कलम ६९ ने ठेवलेली आहे.

कराची भीती मात्र आता निराधार आहे. चपाती-रोटीवर पूर्वी पाच टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो शून्य झाला. केक-बिस्किटांवरील करही त्याच दिवशी अठराचा पाच टक्के झाला. भाकरीच्या पाकिटावर तेवढी तारीख रोजच्या रोज बदलली पाहिजे. एकाच तारखेचे शिक्के महिनाभराच्या पाकिटांवर आगाऊ मारून ठेवण्याची सवय काही ठिकाणी आढळते, आणि तपासणीत प्रथम पकडली जाते ती हीच.