भाऊ परत फिरला



माझा धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. तिकडे युटा व ॲरिझोनाच्या सीमेवर पारिया नदीची वाळवंटी घळ आहे. वाट सुमारे 38 मैलांची, बरीचशी पात्रातूनच. 1984 पासून हे रान कायद्याने राखलेले आहे. मुक्कामाला परवाना लागतो; मैलासुद्धा पिशवीत भरून परत आणावा लागतो. डोक्यावर ऊन असले, तरी दूर कोठे पाऊस झाला की अरुंद घळीत एकाएकी लोंढा येतो.

भावाने वर्षभर तयारी केली, आणि ऐन वेळी पावसाचा अंदाज ऐकून तो परत फिरला. मित्र हसले. मला मात्र त्या रात्री झोप लागली. डोंगरावर काळे दिसले की आपणही ओढ्यात पाऊल घालत नाही ना? तसेच हे.