जतहून बर्फात: आठ जणांसाठी स्कीइंगची जागा कशी ठरवली

आजचा एपिसोड फिरायला जाण्याबद्दल आहे, पण 'टॉप टेन जागा' वगैरे नाही. आम्ही आठ जण, सगळे जतच्या एकाच शाळेतले, येत्या जानेवारीत स्कीइंग शिकायला चाललोय. त्यासाठी जागा निवडायला आम्हाला जवळपास दोन महिने लागले. कुणाला असं काही करायचं असेल तर आमचा अभ्यास कामाला येईल, म्हणून बोलतोय.

आधी एक सांगतो. आमच्या तालुक्याची पेपरात बातमी येते ती टँकरची, म्हैसाळच्या पाण्याची, नाहीतर सीमेवरच्या गावांची. सांगली-साताऱ्यात बर्फ म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या कडेला गोठलेले दवबिंदू. तेवढं बघायला लोक पहाटे गाडी काढतात! नाहीतर मग यल्लमाच्या जत्रेतला बर्फाचा गोळा. त्यामुळं ग्रुपवर पहिल्यांदा 'स्कीइंग' शब्द पडला तेव्हा अर्धा दिवस नुसते हसण्याचे इमोजी आले.

पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. कॉलेजनंतर आम्ही आठ जण एकत्र कुठंच गेलेलो नाही. कधी तिघं जातात, कधी पाच. आणि दर वेळी गळणारी माणसं तीच असतात. एकाची द्राक्षबाग आहे, एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, एक स्पर्धा परीक्षेच्या मागं आहे. हे तिघं कधी 'नाही' म्हणत नाहीत. 'तुम्ही जावा रं, पुढच्या वेळी बघू' एवढंच म्हणतात. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, आमच्यासारख्यांना सुट्टी टाकली की झालं. म्हणून यंदा ठरवलं, आठ जण जमत असतील तरच जायचं.

ग्रुपवर पोल टाकला असता तर पाच मिनिटांत गुलमर्गला सहा मतं पडली असती आणि पुढच्या आठवड्यात दोघं गळाले असते. पोलमध्ये लोकांना काय आवडतं ते कळतं, कुणाला काय परवडत नाही ते कळत नाही. म्हणून मी एक फॉर्म केला, नाव न लिहिता भरायचा. तीनच प्रश्न. एक, किती पैसे गेले तर घरात काही अडणार नाही? दोन, घरापासून जास्तीत जास्त किती दिवस लांब राहू शकता? तीन, खरंच स्की पायात घालणार आहात का, की नुसता बर्फ बघायचाय?

उत्तरं आली. पैशांची सरासरी निघाली ४२ हजार, आणि सगळ्यात कमी आकडा होता २८ हजार. इथं आमच्यात थोडी वादावादी झाली. एक जण म्हणाला, सरासरी धरू, कमी पडेल त्याला आपण घालू. मला ते पटलं नाही. मित्राच्या पैशांनी सहलीला गेलेला माणूस हॉटेलात दुसरा चहा मागायलाही कचरतो. म्हणून बजेट २८ हजार, सगळ्यांसाठी. दिवसांचंही तसंच, कमीत कमी आकडा होता दहा, तोच धरला. आणि स्कीइंग करणारे निघाले पाच. तिघांना फक्त बर्फ बघायचा होता. हा तिसरा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, कारण जागा अशी पाहिजे की पाच जण सकाळभर धडपडत असताना बाकी तिघं खोलीत मोबाईल बघत बसणार नाहीत.

आता जागा. परदेशाचं चटकन संपवतो. एकानं कझाकस्तान काढलं. अल्माटी शहराच्या वरती शिम्बुलाक नावाचा चांगला रिसॉर्ट आहे आणि भारतीयांना तिथं १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. पण तिघांकडं पासपोर्टच नाही, विषय तिथंच थांबला. दुसऱ्यानं दुबई म्हटलं. तिथं मॉलच्या आत २००५ पासून स्कीइंग चालतं, सगळ्यात लांब उतार ४०० मीटरचा. असेल भारी, पण मॉलमधला बर्फ बघायला आमच्या ग्रुपमधलं कुणी घरातून पैसे मागू शकणार नव्हतं.

मग राहिल्या तीन जागा: मनालीजवळचं सोलंग, उत्तराखंडातलं औली आणि काश्मीरमधलं गुलमर्ग.

सोलंग मनालीपासून १३-१४ किलोमीटर. खर्च कमी, गर्दी भरपूर. नुसतं स्की घालून फोटो काढायचा असेल तर उत्तम. नीट शिकायचं असेल तर मनालीत अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था आहे, तिचे स्कीइंगचे कोर्स नावाजलेले आहेत. पण असे कोर्स ठरलेल्या तारखांना असतात आणि आमच्या दहा दिवसांत प्रवास धरून ते बसत नाहीत. कॉलेजच्या पोरांनो, तुमच्याकडं वेळ आहे, तुम्ही मात्र हे नक्की बघा.

औलीवर माझा स्वतःचा जीव होता, समोर नंदादेवी दिसते म्हणून. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा तिथं झाल्या, त्यासाठी कृत्रिम बर्फाची यंत्रं बसवली. गढवाल मंडल विकास निगम तिथं ७ आणि १४ दिवसांचे कोर्स घेतं. अडचण रस्त्याची. ऋषिकेशपासून जोशीमठ साधारण २५० किलोमीटर, सगळा घाट. म्हणजे जायला एक अख्खा दिवस, यायला एक. शिवाय जोशीमठची जमीन खचायला लागली तेव्हा, जानेवारी २०२३ मध्ये, तिथून औलीला जाणारा रोपवे बंद झाला, तो बंदच आहे. आमच्यातल्या एकीला घाटात गाडी लागते, आंबा घाटातसुद्धा. तिला अडीचशे किलोमीटर घाटातून न्यायचं आणि वर म्हणायचं, नंदादेवी बघ! तिनं फॉर्ममध्ये काही लिहिलं नव्हतं, फोनवर बोलताना कळलं. म्हणून सांगतो, फॉर्म भरून घेतला तरी प्रत्येकाला एक फोन कराच.

राहिलं गुलमर्ग. उंची साधारण २,६५० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा हजार मीटर जास्त. श्रीनगरपासून ५० किलोमीटरच्या आसपास. खाली गोल्फ कोर्सच्या बाजूला अगदी सौम्य उतार आहेत, नवशिक्यांसाठी तेच. गोंडोलाचे दोन टप्पे. पहिला कोंगडोरीपर्यंत जातो, दुसरा अफरवटच्या खांद्यावर, जवळपास ३,९५० मीटरवर. आमच्या ज्या तिघांना स्की नकोय त्यांच्यासाठी गोंडोला हेच आकर्षण. तिकीट मात्र ऑनलाइन आधी काढायचं.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो. दुसऱ्या टप्प्यावरून खाली येणारे जे व्हिडिओ आपण रील्समध्ये बघतो ते पट्टीच्या लोकांचे असतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटच्या उतारावर हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन. आखलेल्या मार्गाबाहेर आम्ही पाऊल टाकणार नाही, हे ग्रुपवर पिन करून ठेवलंय.

आता तुम्ही म्हणाल, काश्मीर? घरच्यांनी सोडलं? तोच खरा प्रश्न होता. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामला जे झालं त्यात २६ माणसं गेली, त्यातली सहा महाराष्ट्रातली, फिरायला गेलेली. आमच्या शिक्षिका मैत्रिणीची आई म्हणाली, 'बर्फ काय फ्रिजमध्ये पण असतो.' यावर काय उत्तर देणार? माझ्या स्प्रेडशीटमध्ये यासाठी कॉलम नव्हता, आणि आईच्या भीतीला मार्क द्यायचेही नसतात.

वाट निघाली ती गलाईवाल्यांमुळं. आपल्या भागातल्यांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. खानापूर, आटपाडी, तासगाव या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत. श्रीनगरमध्येसुद्धा आहेत, तिथं गणपतीही बसवतात. आमच्यातल्या एकाचे मामा तिथं वीसेक वर्षं आहेत. त्यांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन काकूंच्या हातात दिला. मामांनी 'काही होत नाही' असं म्हटलं नाही, हे मला आवडलं. ते म्हणाले, 'ताई, मी लेकराबाळांसकट इथं राहतोय. पोरं आली की माझ्याकडं जेवतील, तिथनं गाडी माझ्या ओळखीची. रात्रीचं कुठं हिंडायचं नाही, मी सांगीन ते ऐकायचं.' काकूंनी दोन दिवस घेतले आणि मग विचारलं, 'स्वेटर किती लागतील?' त्यांनी नाही म्हटलं असतं तर गुलमर्ग रद्द, हेही आमचं आधीच ठरलेलं होतं. प्रत्येकाला एक नकाराधिकार, कारण विचारायचं नाही.

तारखांचं गणित जास्त किचकट होतं. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून ४० दिवस 'चिल्लई कलां' म्हणतात, कडाक्याच्या थंडीचे. त्यानंतर २० दिवस 'चिल्लई खुर्द', मग १० दिवस 'चिल्लई बच्चा'. आपल्याकडं रोहिणी, मृग, आर्द्रा मोजतात, तसंच. बर्फाचा भरवसा जास्त फेब्रुवारीत, पण तेव्हा इकडं द्राक्षाची काढणी आणि बेदाण्याची गडबड. बागवाला तेव्हा बागेतून हलूच शकत नाही. म्हणून संक्रांत घरी करायची आणि १५ जानेवारीला, गुरुवारी रात्री मिरजेतून गोवा एक्सप्रेस धरायची. आम्ही पुण्यातले पुण्यात चढणार. शनिवारी सकाळी दिल्ली. जानेवारीत तिकडं धुकं असतं, गाडी किती उशिरा पोचेल नेम नाही, म्हणून तो दिवस मोकळा ठेवलाय. रविवारी दुपारचं विमान श्रीनगरला. सोमवार, मंगळवार, बुधवार तीन सकाळी स्कीइंग. गुरुवारी परत दिल्ली, शुक्रवारी गाडी, शनिवारी २४ तारखेला रात्री मिरज. मुक्काम गुलमर्गमध्ये नाही, खाली १३ किलोमीटरवर टंगमर्गला. तिथं खोल्या स्वस्त. बर्फ जास्त पडला की वर जायला चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्या तिथूनच करायला लागतात. श्रीनगरला आता कटऱ्यावरून वंदे भारतही जाते, जून २०२५ पासून, चिनाबच्या पुलावरून. मला त्या पुलाचा फार मोह होता, पण दिवस दहाच. सगळं धरून माणशी २७ हजारांच्या आसपास बसतंय.

मोबाईलचं ऐका. आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं. आठातल्या सहा जणांचं प्रीपेड निघालं. प्रत्येक खोलीत एक तरी पोस्टपेड असेल असं करतोय. घरी रोज रात्री फोन गेला नाही तर काकू विमानानं येतील.

सामान विकत घ्यायचं नाही. स्की, काठ्या, बूट, जाड कोट सगळं तिथं भाड्यानं मिळतं. घरून फक्त चांगले मोजे, हातमोजे आणि गॉगल. भाड्याचा बूट घट्ट पाहिजे, पण बोटं हलली पाहिजेत. बूट चावला तर तीन सकाळी वाया. पहिल्या दिवशी शिकवतात ते पडायचं कसं, उठायचं कसं आणि थांबायचं कसं. थांबण्यासाठी स्कीची पुढची टोकं जवळ आणायची, मागची लांब फाकवायची. इंग्रजीत त्याला स्नोप्लाऊ म्हणतात, म्हणजे बर्फातला नांगर. हे ऐकल्यावर बागवाला म्हणाला, 'मग मला कशाला शिकवताय?'

आता राहिली एकच धाकधूक, बर्फाचीच. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळपास कोरडं होतं, माळरानासारखे फोटो आले होते. २०२५ मध्ये बर्फ कमी म्हणून तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा पुढं ढकलून मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. म्हणून टंगमर्गच्या खोल्या अशा घेतल्यात की १२ जानेवारीपर्यंत रद्द केल्या तर पैसे परत.

ती १२ तारीख बागवाल्यासाठीही आहे. काश्मीरला बर्फ आणतात ते पश्चिमेकडून येणारे झंझावात. त्यांचा परिणाम कधीकधी खाली आपल्यापर्यंत येतो, अवकाळी आणि गारा घेऊन. आम्ही सात जण सध्या गुलमर्गचा अंदाज उघडून 'येऊ दे, येऊ दे' म्हणतोय, आणि तो त्याच वेळी जतचा अंदाज उघडून बघतोय. गारांचा इशारा आला तर तो येणार नाही, आणि मग कुणीच जाणार नाही. तसं त्याला सांगितलंय. त्यानं उत्तरात फक्त बुटाचा नंबर पाठवला, नऊ.